शेवटच्या कडव्यातलं नाव

चैत्रातलं ऊन शिलाईच्या मशीनवरून घसरून अनुसयाआत्तीच्या कपाळावर येई, आणि त्या उन्हात दोऱ्याचं टोक दातांत धरून ती गुणगुणत असे. तोंड मिटलेलं, म्हणून आधी नुसती चाल जन्मायची. शिवण संपून दोरा तुटला, की मागोमाग शब्द यायचे. माझ्या वडिलांची ही धाकटी बहीण. सावळी, उंच, मानेला वाकणं ठाऊकच नसलेली. वाड्यातल्या बायका पोलक्याचं माप द्यायला येत आणि जाताना गाणं घेऊन जात.

तिचे यजमान यशवंतमामा गायन पार्टीचे म्होरके. गाणी आत्तीची, गळा मामांचा. आमच्याकडची रीत अशी, की शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव गुंफायचं आणि मागच्या झीलकऱ्यांनी ते एकमुखानं उचलून धरायचं. झील मिळाली नाही, तर ती ओळ अधांतरी राहते. वर्षानुवर्षं त्या कडव्यात मामांचंच नाव येत होतं. पार्टी मामांची, मग नाव आणखी कुणाचं असणार? बायकांचं म्हणजे सगळं असंच गृहीत धरलेलं!

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शाहूपुरीतल्या एका कॅसेटवाल्यानं पार्टीला बोलावलं. मी तेव्हा झीलकऱ्यांत होते. त्या कोंदट खोलीत आत्ती प्रथमच स्वतः गायली, आणि शेवटी स्वच्छ, संथ सुरात तिनं म्हटलं :

‘अनुसया सांगे, नका वाकू आता,
आपुल्याच हाती उजळू या वाटा.’

कॅसेटवाल्यानं टेप थांबवला. “बाईचं नाव कोण वळखतंय? ‘यशवंत सांगे’ म्हणा की. मापात बसतंय.”

मामांनी मुकाट मान डोलावली. अस्सा संताप आला मला! आत्तीचा आवाज मात्र तसूभर चढला नाही.

“पावणं, मापात बसतोय म्हणून शेजाऱ्याचा सदरा अंगात घालून फिरता व्हय?”

“मग तुमच्या आवाजात कॅसेट न्हाय निघायची.”

“नगं निघू दे!”

ती पायांत चपला सरकवून जिना उतरली, तिच्यामागून आम्ही झील धरणाऱ्या बायकाही. कॅसेट निघालीच, मामांच्या गळ्यातून, भाड्यानं आणलेल्या झिलीसह. मलकापूरला खचाखच माणसं भरून नेणाऱ्या वडापगाड्यांमध्ये दिवसभर ‘यशवंत सांगे’ वाजू लागलं. आत्ती घरात मामांना भाकरी वाढत राहिली, बोलत राहिली. नवी चाल मात्र तिनं दिली नाही.

त्या वर्षीच्या जयंतीला बुद्धविहारापुढं निळ्या पताका संध्याकाळच्या वाऱ्यावर फडफडत होत्या. मामा मंचावर, आम्ही त्यांच्या पाठीशी, आणि आत्ती समोर सतरंजीवर. कडवं आलं. मामांनी त्या पहाडी आवाजात ‘यशवंत सांगे’ म्हटलं, आणि आम्ही ओठ मिटून घेतले. आधी काही ठरलेलं नव्हतं, शपथेवर सांगते. ढोलकी एकटीच वाजत राहिली. मामांनी वळून डोळे वटारले, ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा तेच. सतरंजीवर कुजबुज सुरू झाली आणि एक म्हातारी खणखणीत ओरडली, “यशवंता, खरं नाव घे की रं!”

मामांनी कपाळावरचा घाम पुसला, आत्तीकडे पाहिलं. तिनं नजर खाली घेतली नाही. त्या नजरेत विनवणी नव्हती, सूडही नव्हता. होती ती केवळ वाट पाहण्याची अथांग, निश्चल तयारी. मग मामांनी म्हटलं, “अनुसया सांगे...”

आम्ही ती ओळ अशी उचलली, की गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. मी रडत होते आणि गातही होते. पुढं कितीदा ते कडवं फिरलं, कुणी मोजलंच नाही.

काही वर्षांनी आत्ती छातीच्या दुखण्यानं गेली. कॅसेटीही अडगळीत गेल्या. आता मिरवणुकीत भल्यामोठ्या भिंतीएवढे स्पीकर येतात आणि पोरं म्हणतात, “मावशी, शेवटचं कडवं गाळूया, लांबतंय.” गाळून बघा म्हणावं! काळानं आमची आत्ती नेली, तिचा आवाज नेला, उद्या तिचा चेहराही आमच्या आठवणीतून पुसेल. पण तिचं नाव न्यायचं असेल, तर त्याला एकेका बाईचं तोंड बंद करत यावं लागेल, आणि आम्ही पुष्कळजणी आहोत.