आंघोळीचं पाणी

आमच्याकडं शेताच्या वाटण्या करत नाहीत. थोरल्याला सगळं, आणि धाकट्यानं त्याच घरात बिनलग्नाचं राबून म्हातारं व्हायचं. मी किसुके, धाकटा. पलीकडच्या वाडीतल्या, मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारा लगदा विकणाऱ्या गोहेईला मुलगा नव्हता. त्याला घरजावई हवा होता. त्याची माणसं दोनदा विचारून गेली, दोनदा मी नाही म्हणालो. सासऱ्याच्या घरी मान खाली घालून जेवायचं माझ्या जिवावर आलं होतं. इथं निदान टोमणे आपल्या माणसांचे होते.

त्या सकाळी वहिनीला तिसरं मूल झालं. दोन वर्षं थंडीनं भात पोचट निघाला होता. कण्यांत मुळ्याचा पाला घालून आम्ही दिवस काढत होतो. सुईण ओतोरा पडद्याआडून बाहेर आली आणि आमच्या गावात विचारतात तसं हलक्या आवाजात तिनं विचारलं, "मुलगी आहे. ठेवायची की परत पाठवायची?"

ठेवायची असेल तर आंघोळीचं पाणी तापवतात. आईनं चुलीकडं पाहिलंसुद्धा नाही.

"एवढी तोंडं या घराला झेपत नाहीत," ती म्हणाली.

दादा चटईच्या काड्या उपटत बसला होता. मला त्याचा संताप आला. आईचा नाही आला. तिनं स्वतःची दोन जन्मताच देवाकडं परत पाठवली होती, आणि गेलेल्या तान्ह्यांना सांभाळणाऱ्या, वाटेवरच्या जिझो देवाला दर वर्षी लाल फडकं तीच बांधायची.

पडद्यामागं वहिनी रडत नव्हती. श्वास रोखून ऐकत होती.

"एक तोंड कमी झालं तर?" मी विचारलं.

"कुणाचं?" आईनं विचारलं.

"गोहेईकडं निरोप धाड. येतो म्हणावं."

"त्याची पोरगी तोंडाळ आहे. उठता-बसता ऐकवेल."

"इथं तरी कोण माझं कौतुक करतंय?"

दादानं मान वर केली. "चिखलणीला मी एकटा पडेन रे."

"मग पड."

आई उठली. मोठं भांडं तिनं चुलीवर चढवलं, लाकडं आत सारली आणि फुंकत राहिली. धूर फारसा नव्हता, तरी डोळे पुसत होती.

न्हाऊ घातल्यावर तिनं मुलगी दादाकडं दिली नाही. माझ्या हातात ठेवली.

"धर," ती म्हणाली. "तुझ्या जागेवर आलीये."

खरं सांगतो, क्षणभर मला त्या पोरीचा रागच आला. मला घराबाहेर काढणारी ती, आणि माझ्याच हातांत पडून चक्क जांभया देत होती.