आठव्या घराची चाल

"कायबी होवं दे, हा लाल दिवा इझता कामा नये. घराला आग लागली तरी आधी मला निरोप धाड, डब्याला हात लावू नको."

बुधवारी संध्याकाळी पाळीला निघताना कमलाकांतने उंबऱ्यातून बायकोला सांगितलं होतं. आज शुक्रवार उजाडून साडेआठ होत आले होते, आणि टीव्हीवरचा नाखवा दोन दिवस तसाच हवेत लटकलेला होता. एक पाय पुढे, एक मागे, खाली काळं पाणी. वत्सलाने देवापुढचा दिवा लावला, मग टीव्हीशी येऊन डब्याच्या अ‍ॅडाप्टरला बोटाचं टोक लावून पाहिलं. भाकरीच्या तव्यासारखा तापला होता. ओलं फडकं ठेवावं का, असं क्षणभर मनात आलं आणि तिचं तिलाच हसू आलं. विजेवर ओलं फडकं.

डबा म्हणजे टीव्ही गेमचा लाल-पांढरा संच. दोन वर्षांपूर्वी, चौऱ्याण्णवच्या दिवाळीत, कमलाकांतने तो पालघरहून आणला तेव्हा नवापुरात लोक हसले होते. पंचेचाळिशीचा माणूस, पोरबाळ नाही, आणि टीव्ही गेम घेऊन आला. पण कमलाकांत खेळत नसेच. तो ऐकायचा. गेममधला निळ्या सदऱ्याचा ठेंगणा माणूस एका जागी उभा करून ठेवायचा, मागे वाजणारी चाल संपून पुन्हा सुरू होऊ द्यायची, आणि मांडीवर बेंजो घेऊन ती चाल बोटांखाली पकडायची. वेळ संपला की माणूस मरे. मरू दे. त्या माणसाला नाखवा हे नाव वत्सलाने दिलं, कारण प्रत्येक घरात तो पाण्यावरूनच उड्या मारत जात असे. घरं म्हणजे गेमचे टप्पे, एकूण आठ. प्रत्येक घराची चाल वेगळी.

कमलाकांत गावच्या बेंजो पार्टीचा बेंजोवाला. हळदीला, विसर्जनाला, पालखीला तोच पुढे. गेमच्या चाली त्याने पार्टीसाठी बसवल्या, आणि पोरं त्यावर अशी नाचली की सातपाटीपर्यंत आमंत्रणं आली. त्याचं म्हणणं साधं होतं. डब्यात तिघं गातात आणि एक खुळखुळा वाजवतो. पहिला गातो तो माझा बेंजो, दुसरा चंद्रभानचा कॅसिओ, तिसरा जाड आवाजाचा तो ढोल. खुळखुळा आपल्याकडे आहेच.

चंद्रभान नगरकडचा, बोईसरला कमलाकांतच्याच पिंपं ठोकण्याच्या कारखान्यात कामाला. त्याच्याकडे काळा सोळा बिटवाला संच होता आणि त्याचा त्याला भारी अभिमान.

"काका, तुमचा डबा म्हंजे जत्रेतली पिपाणी. माझ्याकडं येऊन ऐका, आख्खा बँड वाजतोय आत."

"तुझ्यात गर्दी लय," कमलाकांत म्हणायचा. "माज्यात तिघंच हायत. पण तिघं मला दिसतात."

पार्टीतली सगळी या वादावर हसायची. वत्सला हसत नसे. गर्दी का नको, हे तिला ठाऊक होतं.

पालघरच्या डॉक्टरांनी कानाला यंत्र लावून तपासलं तेव्हा ती बाजूलाच बसली होती. अठरा वर्षं पत्र्यावर हातोडा ऐकलेले कान. नस गेली आहे, डॉक्टर म्हणाले, परत येत नसते. तेव्हापासून माणसांचं बोलणं त्याला कापसातून आल्यासारखं येई, आणि हार्मोनियम तर येतच नसे. या डब्याचा आवाज तेवढा सुईसारखा आत जाई. ही गोष्ट नवरा-बायकोखेरीज कोणाला माहीत नव्हती. पार्टी वाजवायला बसली की वत्सला समोर बायकांत पहिल्या रांगेत बसायची. ढोल चुकला की पदर डाव्या खांद्यावर, कॅसिओ पुढे पळाला की उजव्या. कमलाकांतचे डोळे तिच्याकडे असत. लोक म्हणत, काय जोडी आहे, इतकी वर्षं झाली तरी नजर हटत नाही. रोज दिवेलागणीला ती देवापुढे हात जोडून या खोटेपणाची माफी मागे, आणि पुढच्या हळदीला पुन्हा पहिल्या रांगेत जाऊन बसे.

खेळायलाही तीच शिकली. रोज माळेचे एकशे आठ मणी ओढून ओढून तिचा अंगठा असा तयार झाला होता की तिसऱ्या घरापुढे जाणं पार्टीतल्या कुणाला जमेना ते तिला जमलं. डब्यात काही साठून राहत नाही. बटण बंद केलं की पुन्हा पहिल्या घरापासून. सातवं घर पार व्हायला सव्वा महिना लागला. बुधवारी ते पार झालं, आठव्याच्या दारात नाखवाने उडी घेतली, आणि नेमका तेव्हाच कारखान्याच्या गाडीचा भोंगा वाजला. तिने मधलं बटण दाबून नाखवाला हवेतच थांबवलं. गुरुवारी बदलीचा माणूस आला नाही म्हणून कमलाकांतला तिकडेच अडकवून ठेवलं. तो आज सकाळी सुटणार होता.

परवा, रविवारी, त्याच्या पुतण्याची हळद होती. तिथे आठही घरं ओळीने वाजवायची, असं तो सगळ्यांसमोर बोलून बसला होता. चंद्रभान म्हणाला होता, शेवटचं मी मनानं बसवतो, कुणाला कळतंय. त्यावर कमलाकांत दोन दिवस त्याच्याशी बोलला नव्हता.

आणि आज नऊ वाजता लाइट जाणार होती. वायरमन जिव्या काल घरोघरी सांगून गेला होता. तारांवरची झाडं छाटायची होती, लाइट संध्याकाळीच येणार होती.

"अजून लटकलाय वाटतं तुजा नाखवा," शेजारची ठकी दारात येऊन उभी राहिली. बोंबील वाळत घालून आली होती, हात अजून ओले. "दोन दिस झालं, मला टीवी बगाला नाय मिळाला. नवऱ्याला पण इतकी जपत नसशील."

"नऊला जाणार हाय ना गो लाइट?"

"जिव्या बोलला म्हंजे नऊच्या आधीच जाईल. बाजूच्या केंद्रात एवढी वीज बनते, आन् आपल्या घरात काळोख."

वत्सलाने घड्याळाकडे पाहिलं. पावणेनऊ. आज शुक्रवारचा उपास होता. माळ हातात घेतली, पण मणी पुढे सरकेना.

नऊला बारा मिनिटं असताना कमलाकांत आला. डोळे लाल, सदऱ्यावर तेलाचे डाग. ठकीने काहीतरी विचारलं, तो तिच्याकडे न बघताच आत आला. दोन दिवसांच्या ठोकाठोकीनंतर त्याचे कान नेहमीच असे बंद होत, मग जेवणापर्यंत थोडे उघडत. जेवणापर्यंत थांबायला आज वेळ नव्हता.

"हाय ना?" तो मोठ्याने म्हणाला.

"हाय," वत्सलाने त्याच्यासमोर तोंड करून सांगितलं. "बसा. दहा मिनटं हायत."

तो नेहमीसारखा टीव्हीला चिकटून बसला. उजवा कान आवाजाच्या जाळीजवळ, तळवा लाकडी पेटीवर. आवाजाचं बटण त्याने शेवटपर्यंत फिरवलं. वत्सलाने देवाचं नाव घेतलं आणि मधलं बटण पुन्हा दाबलं.

नाखवा पाण्यापलीकडे पडला. एकच जीव उरला होता. वरून दगड येत होते, तिने दोन चुकवले, तिसऱ्याखालून वाकून गेली. मग पडदा काळा झाला, आणि आठवं घर उघडलं. समोर उंच दीपस्तंभ, बाजूला ओहोटीचा किनारा, आकाशात एकही ढग नाही.

आणि चाल लागली.

वत्सलाचा अंगठा थांबला. इतर घरांच्या चाली धावत्या होत्या. ही संथ होती. एक आवाज विचारत होता, दुसरा थांबून उत्तर देत होता, आणि खालून तिसरा, जाड, होडीला लाट लागावी तसा टेकत होता. खुळखुळा या घरात नव्हताच. काकड्याच्या वेळी देवळात शिरल्यावर वाटतं तसं तिला वाटलं. तिने नाखवाला किनाऱ्यावर एका जागी उभा केला, कमलाकांतला आवडे तसा.

कमलाकांत पडद्याकडे बघत होता. बराच वेळ. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळलं.

"मुकं ठेवलंय," तो म्हणाला. "बग वत्सा, हे घर मुकं ठेवलंय. सात घरं वाजवली, आन् शेवटाला कायच नाय. कोण माणूस असंल तो. काय हुशार हाय."

 चाल तिच्या अंगावरून वाहत होती. कमलाकांत खुशीत मागे वळला, कुणाला तरी हे सांगायचं म्हणून, आणि त्याला दारात ठकी दिसली. ठकीने दोन्ही ओल्या हातांनी कान गच्च दाबून धरले होते.

"बारीक कर की रे मेल्या, पडदे फाटतील कानाचे," ती ओरडत होती.

ते त्याला ऐकू गेलं नाही. पण हात दिसले.

त्याने ठकीकडे पाहिलं, मग आवाजाच्या बटणाकडे, मग वत्सलाकडे. वत्सलाने होय अशी मान हलवली. एकदाच.

तो वळला, दोन्ही हातांनी टीव्हीची पेटी धरली, कपाळ तिच्या लाकडाला टेकवलं आणि डोळे मिटले. ठकी कान सोडून, पाय न वाजवता निघून गेली. पडद्यावर कोपऱ्यातले आकडे उतरत होते. चाल एकदा संपली, पुन्हा सुरू झाली. वत्सला आता नाखवाकडे बघतच नव्हती. ती पहिल्या आवाजामागे जात होती, मग दुसऱ्या, एखादी वाट पाठ करावी तशी. इथे वळण, इथे दोन पायऱ्या खाली, इथे थांबा.

दुसऱ्यांदा चाल संपली आणि तिसऱ्यांदा सुरू होता होता वीज गेली.

पडदा मिटला. डोक्यावरचा पंखा मंदावत थांबला. लाल दिवा विझला. बाहेर कुठेतरी कोयता फांदीवर पडत होता.

कमलाकांत तसाच होता. कपाळ लाकडावर, डोळे मिटलेले, भुवया ताणून ऐकणारा. वत्सलाने हातातला खेळाचा रिमोट खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली. त्याला हाक मारण्यात अर्थ नव्हता, आणि हात लावायचा धीर होत नव्हता. अखेर तिने त्याच्या खांद्यावर बोटं टेकवली.

त्याने डोळे उघडले. काळा पडदा पाहिला.

"गेली?"

"गेली."

"कवा?"

तिने थांबलेल्या पंख्याकडे बोट दाखवलं. तो समजला. 

"तू ऐकलीस?"

"ऐकली. दोनदा."

"कशी हाय?"

वत्सलाने आयुष्यात देवापुढे पुटपुटण्यापलीकडे गळा उघडला नव्हता. आरतीत सुद्धा तिचा आवाज शेजारणीला येत नसे. तिने तोंड उघडलं, पहिली ओळ गुणगुणली, दुसरीवर अडखळली, पुन्हा मागे जाऊन घेतली. कमलाकांत तिच्या ओठांकडे, मग गळ्याच्या शिरेकडे बघत होता.

"बरोबर हाय का?" तिने विचारलं, आणि विचारून झाल्यावर तिला मेल्यासारखं झालं.

"आता मी कसा सांगू?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "चंद्रभान सांगंल. त्याचा कान चांगला हाय, डबा वाईट असला तरी. आज त्याची सुट्टी हाय, बोईसरच्या खोलीवरच असंल तो. जा, त्याला चाल दे. इसरायच्या आत."

"तुमी पण चला."

"नको. आन् दुसरी गोष्ट. त्याला सांग, रवारपासून बेंजो त्याचा. कॅसिओला बघा म्हणावं दुसरं कोण. का ते पण सांग."

"ते तुमी सांगा. माज्याच्यानं नाय होणार."

"मी सांगितलं तर तो कायतरी बोलंल," कमलाकांत म्हणाला, "आन् ते मला ऐकू येणार नाय. समोर दात काढून बसावं लागंल. दोन वर्सं बसलो तसा. तुला पण बसवलं पयल्या रांगेत." तो थांबला. "सांगशील?"

वत्सलाने त्याच्या तेलकट हातावर हात ठेवला. "सांगन. दोनी सांगन."

तिने चपला घातल्या. जप आज राहिला होता, पहिल्यांदाच. पण आता नाम घ्यायला गेलं तर चाल निसटेल हे तिला कळत होतं, आणि मागून घेऊ असं तिने देवाला मनातल्या मनात सांगून टाकलं. देव समजून घेईल. चंद्रभान काय समजेल, ते ठाऊक नव्हतं.

बाहेर ऊन चढलं होतं. वाळवणाच्या काठ्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगलेले होते, आणि त्यांच्या सावल्यांमधून वाट सडकेला जात होती. बोंबील घालणारी बायडी काठीपाशी उभी होती. "वत्सलाकाकी, उपासाची कुठं निघालीस उन्हात?" तिने विचारलं. बाजूच्या दोघींनी मान वर केली.

वत्सलाने नुसता हात वर केला. ओठ मिटलेले, आणि उजवा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. एक, दोन, इथे थांबा, मग खाली.

"जपात हाय ती, बोलू नको," बाजूची म्हणाली आणि वाटेतली टोपली तिने पायाने बाजूला सारली.

वत्सला तिथून पुढे गेली, बोईसरच्या सडकेकडे.