गाडी धुवायचा हातमोजा

दुकानदाराने एक जुनी सीडी काउंटरवर उलटी ठेवली, हातमोजा चढवला आणि तिच्या चकचकीत बाजूवर जोर लावून घासला. मग ती दाराच्या उजेडात तिरकी धरून नेहाला दाखवली.

"देखो मॅडम, एक लाइन नहीं."

नेहाने सीडी स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा तिरकी धरली. काशीमीऱ्याच्या नाक्यावर ट्रेलर वळत होते आणि दर ट्रेलरला शोकेसची काच थरथरत होती. खरंच, एकही रेघ नव्हती. तरी तिने बाकीचे दोन मोजेही घासून दाखवायला लावले. शेवटी गांडुळांसारखे जाडजूड धागे लोंबत असलेला पहिलाच निवडला. त्यात धूळ आत जाते, रंगावर घासली जात नाही, असं दुकानदाराचं म्हणणं होतं.

"इसमें बड़ा साइज दो."

"आपके हाथ में ढीला पड़ेगा."

"मेरे लिए नहीं है. ससुरजी के लिए."

ती बोलून गेली आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. दशरथबाबा पावसाळ्यातच गेले होते. आता थंडी पडायला लागली होती.

बाबांनी उभा जन्म काळीपिवळी टॅक्सी चालवली. सकाळी उठलं की गाडी पुसायची, तीही स्वतःच्या जुन्या बनियनने आणि गोल गोल हात फिरवत, हा त्यांचा नेम. निकेत आणि नेहाने नवी गाडी घेतली तेव्हा कुणी न सांगताच ते बादली घेऊन खाली जाऊ लागले. गाडी काळी होती. थोड्याच दिवसांत उन्हात तिच्यावर बारीक गोल ओरखड्यांची जाळी दिसू लागली. नेहाने बरेच दिवस गिळलं. मग एकदा म्हणाली, "बाबा, तुमच्या हाताने रंग जातोय गाडीचा. नका पुसत जाऊ." आवाजही चढवला नव्हता. बाबा "बरं" म्हणाले, बनियन पिळून दोरीवर टाकला आणि पुन्हा कधी गाडीला हात लावला नाही. त्याच पावसाळ्यात ते झोपेत गेले.

दिवाळीआधी गाडीला पॉलिश करून आणलं. एकूण एक ओरखडा गेला. रंग इतका काळाभोर झाला की त्यांच्या लेकीने, सान्वीने, त्यात बघून वेणी नीट केली. त्यानंतर आठवडाभरातच जाळी परत आली.

नेहाने कव्हर आणलं. सकाळी कव्हर चार घड्या घालून खांबाशी ठेवलेलं असे आणि गाडी पुसलेली. बॉनेट, दारं, काचा, सगळीकडे गोल हात फिरलेला. फक्त टपाच्या मधल्या पट्ट्यावर धूळ तशीच. बाबा बुटके होते. त्यांचा हात तिथवर कधीच पोचला नाही.

"वॉचमन पुसत असेल ग, चहापाण्याची आशा असते त्यांना," निकेत म्हणायचा. पण बोलताना तिच्याकडे बघायचा नाही. सोसायटीचा कॅमेरा गणपतीपासून बंद होता आणि दुरुस्त कुणी करायचा यावर कमिटीची चर्चा अजून रंगलेली होती.

नेहा घाबरली होती. बाबा रागावून गेले, आणि तो राग आता रोज तिच्या गाडीवर काढतायत, हे तिच्या मनाने घेतलं होतं. सान्वीला तिने गाडीत बसवणं बंद केलं. राग एक दिवस गाडीवरून पोरीवर गेला तर? शेवटी तिने निकेतला गाडी विकायलाच काढायला लावली. रविवारी सकाळी एजंट येणार होता. हा मोजा म्हणजे त्याआधीचा तिचा एकच प्रयत्न होता, आणि तो तिने कुणालाही सांगितला नव्हता.

गोडदेवला घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. पार्किंगमध्ये कुणी नाही असं बघून तिने मोजा पाकिटातून काढला, पाकीट चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि मोजा कव्हरवर, बॉनेटच्या बरोबर मध्ये ठेवला.

"बाबा, पुसा तुम्ही," ती हळूच म्हणाली. "फक्त ह्याने पुसा."

सकाळी ती खाली गेली तेव्हा कव्हरच्या चार घड्या झाल्या होत्या. मोजा कुठेच नव्हता. तिने चाकांखाली पाहिलं, खांबामागे पाहिलं. मग वाकून बॉनेट उन्हात तिरकं पाहिलं. गोल, नवे कोरे ओरखडे.

म्हणजे मोजाही भिरकावून दिला. तिला रडूच आलं. मेलेल्या माणसाची समजूत घालायची तरी कशी? ती वर आली आणि निकेतला म्हणाली, "येऊ दे एजंटला. द्यायची."

रविवारी एजंटने निघताना फोन केला, गाडीच्या दोन्ही किल्ल्या लागतील. दुसरी किल्ली बाबांच्या कपाटात होती. घरातला मोठा माणूस म्हणून निकेतने गाडी घेतल्या दिवशीच ती त्यांच्या हातात दिली होती. सासूबाईंनी, शेवंतीआईंनी, उशाखालून कपाटाची चावी काढली. बाराव्यानंतर कपाट कुणी उघडलं नव्हतं.

वरच्या कप्प्यात किल्ली होती. तिच्या शेजारी मोजा होता. हात फिरवून सपाट केलेल्या, जागोजाग सुरकुत्या पडलेल्या पाकिटात नीट घातलेला.

"हे कधी आणलंस?" निकेतने विचारलं.

मोजा ठेवला होता त्या गठ्ठ्याकडे नेहा पाहत राहिली. पहिल्या दिवाळीला तिने बाबांना दिलेला निळा शर्ट. टाचण्या आणि कॉलरखालचा पुठ्ठाही तसाच. तिने दिलेलं स्वेटर, पिशवीत. पैशांचं पाकीट, खोक्यात. चष्म्याचं घर. बाबा तेच दोन विटके शर्ट घालून हिंडायचे तेव्हा, आपलं काहीच ह्यांना पसंत पडत नाही, म्हणून तिने किती वेळा निकेतला ऐकवलं होतं.

"अगो, ठेवला असेल ह्यांनी," शेवंतीआई सहज म्हणाल्या. "आवडलेली वस्तू ह्यांनी कधी वापरलीय? म्हणायचे, सुनेने दिलंय, खराब होईल."

त्यांनी खालच्या कप्प्यात हात घातला. तिथे जुन्या बनियनांची चळत होती. सगळ्यात वरचा त्यांनी उचलला, बोटांनी दाबून पाहिला. त्यातून पाण्याचा थेंब फरशीवर पडला.

"ओलंच ठेवतात. कितीदा सांगितलं," त्या पुटपुटल्या आणि बनियन झटकत गॅलरीकडे वाळत घालायला निघाल्या.

निकेत पलंगावर बसला. नेहाला मात्र पळावंसं वाटलं नाही. तिने शर्टावरून एकदा हात फिरवला.

इंटरकॉम वाजला. निकेत उठेना, म्हणून तिने घेतला. खालून वॉचमन बोलत होता.

"मॅडम, गाडीवाला एजंट आया है. ऊपर भेजूँ?"

"नहीं. उनको वापस भेजो."

"क्या बोलूँ?"

"बोलो, घर के बड़े से पूछा नहीं है अभी तक."

वॉचमन जुना होता, बाबांना खांदा दिलेला.

"सुबह नीचे आएँगे तब पूछ लेना, मॅडम," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.