उंदराची वाट

खिडकीत कोंबलेलं घोंगडं. चापाला लावलेलं खोबरं. सोनबाच्या भरघोस मिशा. सांगवीचे व्याही. भिंतीच्या बुडाशी एक काळपट, तेलकट रेघ.

जुळवून सांगायचं तर असं. सत्त्याण्णव सालच्या रब्बीला वरकुट्याच्या सोनबानं सांगवीच्या गेणबा व्याह्यांना शब्द दिला होता, "ज्वारीचं बी आमच्या घरचं न्यायचं." आणि नेमका बियाण्याच्या पोत्याला उंदीर लागला.

सोनबाची उमर मेंढरांमागं गेलेली. अंधारात मेंढरू बावरतं, जागचं हलत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. तोच हिशेब त्यानं उंदराला लावला. भरदुपारी खोलीचा उजेड बुजवला आणि मधोमध चाप मांडला.

उंदीर मजेत. त्याचा सगळा कारभार मिशांवर. भिंतीला तेलकट अंग घासत, आपल्याच वासावर तो पोत्यापर्यंत जायचा आणि तसाच परतायचा. खोलीच्या मध्याशी त्याचं काही कामच नव्हतं.

व्याही यायच्या दिवशी सोनबा चाप बघायला आत शिरला. उजेड नको म्हणून दार ओढून घेतलं. एकदा इकडं वळला, एकदा तिकडं. झालं, दिशाच गेली.

फाट्!

"भामे! अंगठा गेला!"

"घावला का उंदीर?" बाहेरून बायको भामाबाई.

"मीच घावलोय! दार कुठल्या अंगाला हाय? उघड की!"

"माझं हात पिठात हायत. उंदराला इचारा, त्यो रोज येतोय-जातोय."

सोनबानं दार समजून कणगी ढकलली. मग कपड्यांची आडवी दांडी. तेवढ्यात भिंतीकडेनं खसफस झाली. सोनबा गुडघ्यांवर बसला, त्याच भिंतीला खांदा लावला आणि रांगत निघाला. मिशा भिंत झाडत होत्या. डोकं दाराच्या फळीवर आपटलं, दार उघडलं, आणि नाकासमोर वहाणा.

वहाणांत गेणबा व्याही.

"राम राम, सोनबाराव! मिशा तर जमल्यात. शेपूट कवा येतंय?"

सोनबा कसाबसा उठला, मिशांतली जळमटं झटकली आणि पोतं उजेडात ओढून आणलं. तोंड सोडलं. आत नुसता कोंडा. व्याह्यांच्या तोंडाकडं बघायचा त्याला धीर होईना.

बियाणं भामाबाईनं गौरी गेल्या त्याच दिवशी, चाप मांडायच्या आधीच, कोंडा पोत्यात ठेवून पत्र्याच्या डब्यात भरून माळ्यावर ठेवलं होतं.