हद्दीपर्यंतचा पाहुणा

इंग्रज हनियाच्या तंबूत शिरला तो थेट मधल्या खांबाला मिठी मारून बसला. आसरा मागण्याचा हा रिवाज त्याला कुणी शिकवला होता कोण जाणे. लिबियातल्या बेनगाझीजवळच्या इटालियन कैदेतून तो पळाला होता. मनगटांवर तारेचे वळ होते, ओठ फुटलेले. हनियाने त्याला ताक आणि जवाची भाकरी दिली. पाहुण्याचं पोट भरेपर्यंत त्याला काही विचारायचं नसतं, म्हणून तिने विचारलं नाही.

पोट भरल्यावर तो खुलला. काटकीने त्याने वाळूत विमान काढलं, त्याच्या पोटात पालथा पडलेला माणूस काढला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. बॉम्ब टाकणारा तो. मग खाली विहीर काढली, शेजारी दोन घुमटांचा दर्गा, इटालियनांचे ट्रक. तळहात आपटून स्फोट दाखवला आणि हसला. इटालियनांनी या बाईच्या नवऱ्याला फाशी दिलं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण तिला आनंद होईल एवढा अंदाज त्याने बांधला होता.

त्याच विहिरीवर त्या दिवशी हनियाचा मुलगा मिफ्ताह शेळ्यांना पाणी पाजायला गेला होता. त्याला पुरताना एक गोणपाटही जास्त झालं होतं.

तिने दिराला बोलावलं, सगळं सांगितलं आणि याला बाहेर ओढून मार म्हणाली.

बूशनाफ वाळूतल्या चित्राकडे बघत राहिला. "वहिनी, भाकरी कुणी वाढली?"

"मी."

"मग झालं तर. पोर माझंही होतं. पण आपल्या जमिनीवर याच्या केसाला धक्का लागला, तर कुठल्या तोंडाने जगायचं?"

"मग मीच पोचवते याला," हनिया म्हणाली.

वाटेत तिने काही कमी केलं नाही. पाण्याचा मोठा वाटा त्याला दिला. इटालियन गस्त आली तेव्हा त्याला गाढवावरच्या पेंढ्याखाली दडपलं. शिपायाने बंदुकीच्या दस्त्याने तिचा दात पाडला, तरी तिने तोंड उघडलं नाही.

टोळीची हद्द एका दगडांच्या राशीपाशी संपत होती. पलीकडे सपाटी, आणि सपाटीपल्याड इंग्रजांचे तंबू. त्या सपाटीत इंग्रजांनीच सुरुंग पेरले होते. तिच्या शेळ्या तिथे मेल्या होत्या. धोका नसलेली वाट उजवीकडच्या ओढ्यातून होती.

इंग्रजाने रडत तिचा हात कपाळाला लावला. मग समोर बोट दाखवून तिच्याकडे पाहिलं. असंच सरळ जायचं ना?

हनिया गाढवाचा पट्टा आवळत राहिली.

तो निघाला. चालता चालता पळू लागला.

स्फोटानंतर तो बराच वेळ ओरडत होता. त्याची माणसं ओढ्याच्या वाटेने आली आणि उरलेल्या पायाला धरून त्याला झोळीत चढवलं. एकजण तिच्यापर्यंत आला, छातीवर हात ठेवून वाकला आणि त्याने तिला साखरेची पुडी दिली. ती तिने घेतली.

घरी बूशनाफने विचारलं, "पोचला?"

"पोचला."

"धड?"

हनियाने चहात साखर टाकली. "आपल्या हद्दीत धड होता."