दत्तूच्या पाठीवरचा भोपळा

मित्रांनो, मी भोपळा आहे, पण माझी भाजी करायला जाऊ नका. मी जातीचा कडू, तोंडात घातलात तर थूः कराल. शीवच्या कोळीवाड्यात पुतळाबाई नावाच्या कोळणीने माहेरच्या छपरावर माझा वेल चढवला होता. मी जून झालो तशी तिने मला उतरवून चुलीवर धुरात टांगलं. गर सुकला, साल टणक झाली. "ह्याच्यावर हत्ती तरंगंल," असं ती नवऱ्याला कौतुकाने म्हणाली. त्याच वर्षी ती तापाने गेली. तिच्या हातचा मी शेवटचा.

तिचा नवरा हरेश्वर गिरगावातल्या एका वाडीत, पायऱ्यांच्या मोठ्या बावीत, म्हणजे विहिरीत, कारकुनांच्या मुलांना पोहायला शिकवी. सगळे त्याला वस्ताद म्हणत. गोष्ट अठराशे ब्याण्णवची. वस्तादाकडे शिकण्याचे चार टप्पे होते. आधी पाठीवर दोन भोपळे. मग एक. मग नुसती कमरेला दोरी, आणि तिचं टोक वस्तादाच्या हातात. शेवटी मूल सुटं. नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी बावीत शर्यत लागे, तिच्यात फक्त सुटी मुलं उतरत. वशिला चालत नसे. एका बापाने आंब्यांची करंडी पाठवली होती, ती तशीच परत गेली.

वाडीतल्या गंगाधरपंत कारकुनांचा रमाकांत अकरा वर्षांचा. दुसऱ्या टप्प्यावर दोन वर्षं अडकलेला, आणि त्याच्या पाठीवर मी. हात कसे झकास मारायचा! पण मला सोडलं की भीतीने ताठ लाकूड व्हायचा. पोरं त्याला "भोपळेशास्त्री" म्हणून चिडवत. त्याचा सहा वर्षांचा भाऊ दत्तू मात्र दोन भोपळ्यांवर तरंगत ओरडायचा, "माझा दादा पहिला येणार!"

अशा मुलांसाठी वस्तादाची एक गुप्त रीत होती. त्याने तापल्या सळईने माझ्या बुडाला बोट जाईल एवढं भोक पाडलं आणि वर दोरीचा वेढा असा घातला की ते दिसू नये. रमाकांत नेहमीसारखा पाण्यात उतरला. माझ्या पोटात बुडबुड पाणी शिरलं. मी कसला तरंगतोय! उलट त्यालाच माझा भार. तरी गड्याने सहा फेऱ्या मारल्या. वर आल्यावर वस्तादाने त्याला बाजूला घेऊन मला उपडं केलं. भळभळ पाणी पडलं. "बघ, पोरा. तुला कुनी धरलं न्हवतं." रमाकांत आधी रडला, मग इतका हसला की त्याला उचकी लागली.

या रीतीचे दोन नियम होते. जो पार झाला त्याने भोकाचं गुपित शिकणाऱ्या मुलांना सांगायचं नाही. आणि भोक पाडलेला भोपळा त्याच दिवशी पायरीवर आपटून फोडायचा. रमाकांतने शपथ घेतली. वस्तादाने मला डोक्यावर उचललं, आणि त्याचा हात तिथेच थांबला. पुतळाबाईच्या हातचं एवढंच तर उरलं होतं. त्याने मला इतर भोपळ्यांशेजारी खुंटीला अडकवलं.

शर्यतीत रमाकांत दुसरा आला. वाडीत पेढे वाटले. दत्तूने विचारलं, "दादा, तू कुठल्या भोपळ्यावर शिकलास रे?" शपथेपायी भोकाचं नाव न काढता रमाकांतने ऐटीत माझ्याकडे बोट केलं. "तो बघ. लई शुभ आहे. तुझी वेळ आली की तोच बांध."

मित्रांनो, दत्तूला कसला धीर धरवतोय! दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ताद यायच्या आधीच तो बावीवर आला. खुंटीवरून मला ओढलं, पाठीवर घेऊन पोटाशी दोरी आवळली. त्याचं हृदय धडधडत होतं ते मला सालीतून कळत होतं. "शुभ भोपळ्या, सांभाळ हं," असं म्हणून त्याने उडी मारली.

मी पाणी पीत गेलो. मला नको होतं हो! पण भोक काय माझं ऐकणार?

वाडी म्हणाली, बावीतल्या आसरांनी, पाण्यातल्या देवतांनी, पोर नेलं; त्यांना आवडलं ते त्या नेतात. वस्तादाने दत्तूच्या पाठीवरून मला सोडवलं, पण भोकाचं नाव काढलं नाही. रमाकांतही बोलला नाही. वस्तादाने शिकवणं सोडलं आणि मला घरी आढ्याला टांगलं. वारा भोकात शिरला की माझ्या पोटात अजून बुडबुडल्यासारखं वाजायचं. ते वाजलं की तो जेवता जेवता ताट सारायचा.

चार वर्षांनी रमाकांत त्याच्या दारात उभा राहिला. मिसरूड फुटलेलं, डोळे खोल गेलेले.

"वस्ताद, आसरांनी नाही नेला. तोच बांध असं मी त्याला सांगितलं होतं."

"आन् मी तो फोडला नाय," वस्ताद म्हणाला. तो ताडकन उठला आणि मला जमिनीवर आपटायला हात उगारला. रमाकांतने मनगट धरलं. "नको. आता फोडलात तर आपण दोघं पुन्हा गप्प बसू."

दोघं मला घेऊन दत्तूच्या आईकडे गेले. कालिंदीबाई ओटीचं सामान मांडत होत्या. चार वर्षं दर पौर्णिमेला त्या बावीवर आसरांची ओटी भरत आणि म्हणत, माझ्या बाळाला थंडीत जपा. त्यांनी सगळं ऐकलं. मला मांडीवर घेतलं, दोरी सोडली आणि भोकात बोट घातलं. बराच वेळ ते तसंच ठेवलं.

"म्हणजे माझं बाळ कुणाच्या मांडीवर नाहीच," त्या म्हणाल्या.

रमाकांत त्यांच्या पायाशी कोसळला. त्यांनी त्याला जवळही घेतलं नाही आणि दूरही लोटलं नाही. संध्याकाळी त्यांनी ओटीचे तांदूळ परत डब्यात ओतले.

मला त्यांनी ठेवून घेतलं आहे. भिंतीशी असतो मी. काम करता करता त्या मध्येच थांबतात आणि मला विचारतात, "सगळे गप्प होते. तुला तर माहीत होतं ना रे? तू का नाही बोललास?"

म्हणून बोललो, मित्रांनो. तुम्हाला एखाद्या वस्तूचं भोक ठाऊक असेल, तर शपथेला आणि लाजेला गुंडाळून ठेवा. हातातलं काम टाकून जा आणि आधी लहानांना सांगा. मी सांगितलं, पण कालिंदीबाईंना ते ऐकू जात नाही. त्या उद्या पुन्हा विचारतील.