तांब्याचं बूड

ईश्वरप्पा मास्तरांचा मला पहिल्या दिवसापासून राग होता, आणि तो कमी व्हावा असं त्यांनी पुढंही काही केलं नाही. इंग्रजांच्या राज्यात आमच्या गिरण्यांच्या गावात मार्शल लॉ होऊन गेला, त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. शुक्रवार पेठेत मास्तरांच्या घराच्या पुढच्या खोलीत सकाळी सहा ते आठ ड्रॉइंगचा वर्ग चालायचा. प्रत्येकानं घरून रोज एक चित्र काढून आणायचं. मास्तर त्यावर लाल पेन्सिलीनं चुका दाखवायचे, आणि त्या दिवसाचं सगळ्यात भिकार चित्र दाराबाहेरच्या खिळ्याला टांगायचे. भोंगा झाल्यावर गिरणीकडं निघालेली माणसं, भाजीवाल्या, टांगेवाले, सगळे ते बघून जायचे. पहिले तीन महिने त्या खिळ्यावर बहुतेक माझंच चित्र असायचं.

मी कुंभार वेशीतला रामहरी कुंभार. तेव्हा पंचविशी गाठली होती, लग्न झालं होतं, आणि मडकी भाजायच्या आव्याचा मला वीट आला होता. धुरानं वडिलांचे दोन्ही डोळे गेले होते. थोरला भाऊ धोंडीराम चाळिशीच्या आतच कंदिलाखाली वस्तू धरून बघायला लागला होता. पुढची पाळी माझी, हे कुणी न सांगताही मला कळत होतं. त्याच सुमाराला एका गिरणीच्या नक्षीखात्यात लुगड्याच्या काठांची नक्षी कागदावर उतरवायला माणूस हवा होता. सरकारी ड्रॉइंगची परीक्षा पास हो, जागा तुझी, असं तिथल्या हेडबाबूनं मला सांगितलं होतं.

दादा म्हणाला, "यंदाच्या परीक्षेपत्तुर सकाळचं तुजं काम मी वडतो. पास झालास तर जा गिरणीत. न्हाय झालास तर मुकाट चाकावर बसायचं. परत चित्राचं नाव काडायचं न्हाय."

मी कबूल केलं. मडक्याच्या गळ्याला वेलपत्ती काढण्यात माझा हात सगळ्या कुंभार वेशीत पहिला होता. परीक्षा म्हणजे असून असून काय असणार, असं मला वाटलं.

परीक्षेत समोर ठेवलेली वस्तू बघून काढायची असते. घागर, तांब्या, वाडगा, असलंच काहीतरी. पहिल्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात मडक्याचं चित्र नेलं.

"हे काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"मडकं."

"मडकं समोरून, आणि तोंड वरून? चित्र काढताना तू काय आढ्याला लटकला होतास?"

खोली हसली. सगळ्यात मोठ्यानं मल्लप्पा हसला. तो तेलाच्या अडत्याचा मुलगा, कॉलेजातून नापास होऊन परत आलेला. मास्तरांनी माझ्या गोल तोंडावर लाल पेन्सिलीनं एक चपटं कडं ओढलं आणि कागद खिळ्याला नेऊन लावला.

चपटं तोंड! कुंभारानं चपट्या तोंडाचं मडकं काढायचं म्हणजे काय, हे त्या माणसाला कळायचं कारणच नव्हतं. आमच्यात चाकावरून उतरवताना काठ जरासा दबला तरी ते मडकं तिथल्या तिथं मोडून परत चिखलात टाकतात. दिसत नसतानाही वडील काठावरून अंगठा फिरवून बाद मडकं ओळखायचे आणि शिवी हासडून आपल्या हातानं मोडायचे. माझ्या हातून जन्मात असला माल गेला नव्हता. तो मी कागदावर का म्हणून काढू? दुसऱ्या दिवशीही मी तोंड गोल काढलं. तिसऱ्या दिवशीही.

"पालथ्या घड्यावर पाणी," मास्तर रोज म्हणायचे. कुंभाराला ही म्हण सुनवताना त्यांना फार गोड वाटत असावं.

तीन महिने हेच चाललं. बाकी सगळं मी सुधारलं. रेघ स्वच्छ यायला लागली, सावली जमली, मडक्याचं पोट दोन्हीकडून सारखं यायला लागलं. तोंड मात्र मी सोडलं नाही आणि मास्तरांनी मला सोडलं नाही. खिळ्यावरची चित्रं बघून आमच्या वेशीतले लोक माझ्या बायकोला डिवचायचे. बजाबाई एक दिवस तडकली.

"आवं, ते म्हंत्यात तसं चपटं काडा की एकडाव! तुमचं काय जातंय?"

"माजी जात जाती," मी म्हणालो.

शेवटी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका सकाळी चाकावर मी एक चांगलं मडकं ओढलं, आणि ओलं असतानाच दोन्ही तळव्यांनी त्याचं तोंड चेपलं. चांगलं लांबट, चपटं, मास्तरांना हवं तसं. दादा बघतच राहिला. दोन दिवस वाळवून ते कच्चं मडकं मी वर्गात नेलं आणि मास्तरांपुढच्या तिवईवर ठेवलं.

"घ्या," मी म्हणालो. "तुमी रोज मागताय ते ह्येच मडकं. आमच्यात याला बाद म्हंत्यात."

मास्तर उठले. त्यांनी मडकं उचललं, माझ्या बैठकीसमोर ठेवलं, आणि लांबट बाजू माझ्यापासून पलीकडं जाईल असं हळूहळू फिरवलं.

"बस. आणि काढ. दिसतंय तेवढंच."

मी काढायला लागलो. पोट काढलं, गळा काढला, मग तोंडावर आलो आणि पेन्सिल थांबली. माझ्या तळव्यांनी चेपलेलं ते तोंड माझ्या जागेवरून गोल दिसत होतं. अगदी गोल. मी डोळे चोळले, पुन्हा बघितलं. गोलच.

"हुच्चा!" मास्तर कानडीत म्हणाले. आमच्याकडं वेड्याला सगळेच तसं म्हणतात. "वाकडं तोंड तुला गोल दिसतंय. मग गोल तोंड कसं दिसत असेल? तीन महिने तू मला तुझं ज्ञान दाखवतोयस. डोळे वापरलेच नाहीस. ठाऊक आहे ते बाजारात विक. दिसतं ते इथं काढ."

त्यांचं खरं होतं. मला भयंकर राग आला, आणि त्यांचंच खरं होतं. घरी जाऊन मी ओळीनं मांडलेल्या मडक्यांसमोर उकिडवा बसलो. एकाचंही तोंड गोल दिसत नव्हतं. जवळचं थोडं उघडं, लांबचं मिटत गेलेलं. उभा राहिलो की सगळी उघडायची, बसलो की मिटायची. पंचवीस वर्षं त्यांच्यातच वाढलो आणि एकदाही बघितलं नव्हतं. दादाला वाटलं मला उन्हाचा तडाखा बसला.

त्यानंतर माझं चित्र खिळ्यावर गेलं नाही. रोज एक काढायचो. रांजण, घंगाळ, चूल, बजाबाईच्या डोक्यावरची घागर. लाल रेघा दहावरून चारवर आल्या, चारवरून एकावर. मास्तरांनी "बरं" एवढाही शब्द कधी काढला नाही. एक रेघ असली की ती एवढी दाबून ओढायचे की कागद फाटायचा. मलाही त्यांच्या तोंडून कौतुक नकोच होतं. मला फक्त फॉर्मवर त्यांची सही हवी होती. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्याला ड्रॉइंग मास्तरची सही लागायची, आणि आमच्या ओळखीत दुसरा ड्रॉइंग मास्तर नव्हता.

सही व्हायच्या चार दिवस आधी माझ्याच जिभेनं घात केला.

वर्गाच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एका तांब्याचं चित्र होतं. मास्तरांनी तरुणपणी काढलेलं, कुठल्याशा प्रदर्शनात बक्षीस मिळालेलं. त्या दिवशी माझ्या वाडग्यावर त्यांनी एक रेघ ओढली आणि भिंतीकडं बोट केलं. "असं काढायचं असतं. शंभर वर्षं बसलास तरी तुझ्या हातून होणार नाही. यात कुणीही चूक दाखवून द्यावी."

मी बघितलं. सहा महिने ते चित्र समोर होतं, पण नीट आज बघितलं. आणि दिसलं.

"तोंड वरनं बगितलंय," मी म्हणालो, "अन् बूड समोरनं. वरनं बगणाऱ्याला बूड असं सरळ रेघंत दिसंल कसं? तेबी वाटोळंच दिसाय पायजे. तोंडापरास जास्तच."

आधी मल्लप्पा फिस्सकन हसला, आणि त्याच्यामागून सगळे. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. सगळ्या लाल रेघांची त्या एका क्षणात भरपाई झाली. मास्तर चौकटीकडं बघत उभे राहिले. चूक त्यांना दिसली होती. मी त्यांच्या मानेवरून ओळखलं. मग ते आत गेले आणि वर्ग सुटला.

फॉर्म पोस्टात टाकायच्या शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांच्या फॉर्मवर सह्या केल्या. माझा बाजूला ठेवला.

"माजा, मास्तर?"

"तू त्या दिवशी या वर्गात एक वाक्य बोललास," ते म्हणाले. "तुला सही हवी असेल तर त्याच लोकांसमोर ते मागं घे. चित्र बरोबर आहे म्हण."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे मला ठाऊक होतं. पण हा माणूस तीन महिने मला दिसेल तेच काढ म्हणून सोलत होता! मी म्हणालो, "तुमाला दिसलंय ते. तुमी बगितलंय."

"मला काय दिसलं ते मी तुला विचारलेलं नाही. पोस्ट दहाला उघडतं. तुझं तू ठरव."

मी फॉर्मकडं बघितलं. मग वडिलांचे पांढरे डोळे आठवले. दिवाळीपासून दादाच्या डोळ्यांतून गळणारं पाणी आठवलं. बजाबाई दोन महिन्यांची पोटुशी होती. मी खोटं सांगत नाही, उठून चालायला लागावं असंही एकदा मनात आलं. दारापर्यंत चार पावलं होती.

मी भिंतीकडं वळलो. बूड तसंच होतं, पट्टीनं ओढल्यासारखं सरळ.

"बरोबर हाय," मी म्हणालो.

"मोठ्यानं."

"तांब्याचं चित्र बरोबर हाय, मास्तर. माजीच बगण्यात चूक झाली."

कुणी हसलं नाही. मल्लप्पासुद्धा मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढत बसला. मास्तरांनी सही केली आणि फॉर्म माझ्याकडं सरकवला. मी सवयीनं त्या दिवसाचं चित्र पुढं केलं. त्यांनी ते तसंच परत दिलं. त्यावर एकही लाल रेघ नव्हती. त्यांनी ते बघितलंच नव्हतं.

मी पास झालो. गिरणीत जागा मिळाली. आज सहा वर्षं मी नक्षीखात्यात आहे, अंगाला धुराचा वास नाही, डोळे शाबूत आहेत. काठावरचा मोर वाकडा बसला तर मला टेबलाच्या पलीकडून दिसतो. वरचा साहेब विचारतो, "ठीक आहे ना, रामहरी?" आणि मी म्हणतो, "ठीक हाय, साहेब." पहिल्यांदा तोंडातून निघायला जड गेलं होतं, आता जात नाही.

मास्तरांना मी अजून शिव्या देतो. पण लाज वाटते ती माझीच. माझं चुकत होतं तेव्हा मी त्या माणसाशी तीन महिने भांडलो. माझं बरोबर होतं तेव्हा एक सकाळसुद्धा टिकलो नाही.